नागपूर ते लंडन, चौघांचं तिकीट स्वस्तात कसं काढावं?

संत्रानगरी: मेच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून लंडन, तीन आठवड्यांनी परत. दोन मोठे, मुलं १५ आणि ११ वर्षांची. तारखा तीन-चार दिवस पुढेमागे चालतील. दोहामार्गे एकच तिकीट घ्यावं, की मुंबईपर्यंत वेगळं काढून पुढे थेट विमान? आणि सारखं शोधलं की भाव चढतो म्हणतात, ते खरं का?

भाडेवर्ग: शोधल्याने भाव चढत नाही. इकॉनॉमी एकच दिसली तरी आत बरेच भाडेवर्ग, म्हणजे वेगवेगळ्या भावांचे गट असतात आणि प्रत्येकात मोजक्या जागा. स्वस्त वर्गात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चौघांसाठी शोधलंत, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरच्या वर्गाचा भाव लागतो. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. मधेच माणशी भावात उडी दिसली तर दोन-दोनची दोन बुकिंग करा, प्रत्येकात एक मोठा आणि एक मूल. लगेच एअरलाइनला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. विमान रद्द झालं तर जोडलेले पीएनआरही वेगवेगळ्या विमानांत जाऊ शकतात. फरक किरकोळ असेल तर या भानगडीत पडू नका.

गूगल फ्लाइट्सवर निघण्याच्या जागी नागपूर, मुंबई, हैदराबाद तिन्ही एकदम टाका. पोहोचायच्या जागी हीथ्रो नव्हे, ‘लंडन’ शहर निवडा, म्हणजे गॅटविक आणि स्टॅनस्टेड हे तिथले विमानतळही येतील. मग तारखांचा तक्ता उघडा. येण्याजाण्याचं तिकीट एकत्रच बघा. मोठ्या कंपन्यांचं एकेरी भाडं अनेकदा निम्म्याहून बरंच जास्त असतं.

काउंटरपलीकडे: वेगळ्या तिकिटाचा हिशोब नीट मांडा. नागपूर-मुंबई स्वतंत्र काढलंत तर त्यावर देशांतर्गत सामानाची मर्यादा लागते, साधारण १५ किलो. पुढच्या तिकिटावर २३ किलो असले तरी मधल्या ८ किलोंचे पैसे माणशी भरावे लागतात, परतीलाही. मुंबईत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायचं. देशांतर्गत विमान टी१ ला (टर्मिनल १) उतरलं तर टी२ पर्यंत रस्त्याने किंवा मेट्रोने जायचं. आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी काहीही देणं लागत नाही. तेव्हा मुंबईत निदान सहा तास हाताशी ठेवा, किंवा आदल्या रात्रीची दुरांतो धरा.

एकाच तिकिटावर दोहामार्गे गेलात तर बॅगा थेट लंडनला जातात आणि जोडविमान चुकलं तर पुढची सोय कंपनीच करते. यासाठी माणशी चार-पाच हजार जास्त गेले तरी मी हेच घेईन. दोहातला थांबा मात्र दोन तासांपेक्षा कमी नको.

हैदराबादहून हीथ्रोला थेट विमान आहे आणि नागपूरहून सिकंदराबादला वंदे भारत. पण शमशाबाद विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅक्सीही धरा.

टेम्सकाठ: परतीच्या भाड्यात ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर असतो. भारतासाठी इकॉनॉमीत एप्रिल २०२६ पासून माणशी १०२ पौंड. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत तो माफ आहे, म्हणजे तुमच्या दोघांनाही. पण काही बुकिंग साइट १२ वर्षांवरच्यांना ‘प्रौढ’ धरतात आणि मोठ्या मुलाला कर लावून मोकळ्या होतात. एअरलाइनच्या साइटवर मुलाचं खरं वय टाकून करांचा तपशील उघडून बघा. प्रीमियम इकॉनॉमीत माफी नाही, शिवाय कर दुपटीहून जास्त.

संत्रानगरी: मोठा प्रवासाआधी सोळाचा होतोय की नाही, हे बघावं लागेल. एप्रिलअखेर वाढदिवस आहे.

टेम्सकाठ: मग त्याचा लागणार. उड्डाणाच्या दिवशीचं वय धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. धाकट्याचा तेवढा तपासा.