एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) वाटतंय, ठाणे-नवी मुंबईत कोणाला दाखवू?

घणसोलीकर: वय २९. पाळीत घणसोली ते ऐरोली, दोनच स्टेशनं, पण लोकलमध्ये उभं राहवत नाही. संडासला बसले तरी कळा येतात. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लग्न झालं की थांबेल." सासरी औषध वाटतात वाटतं!

कोपरीची ताई: लग्न किंवा बाळंतपण हा इलाज नाही गं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून हा आजार नाहीच असं ठरत नाही. सिस्ट (गाठ) नसेल तर साध्या तपासणीत तो निसटू शकतो. एंडोमेट्रिओसिसच्या केसेस नेहमी हाताळणारी स्त्रीरोगतज्ज्ञ शोध आणि संडासच्या कळांचं लाजू नकोस, आधी तेच सांग. आतड्यापर्यंत गेलं असेल तर एमआरआय लागू शकतो, ऑपरेशन ठरलंच तर आतड्याचा सर्जनही. मी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज घेते. दुखणं बरंच उतरलं, स्पॉटिंग (अधूनमधून थोडं रक्त जाणं) मात्र छळतं.

नेरुळवाली: पण पोटात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय औषध देतात?

कोपरीची ताई: देतात. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही तसं आहे. चॉकलेट सिस्ट (या आजारात अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ) काढायची घाई कोणी केली तर दुसरं मत घ्या; त्यात अंडाशयातला बीजसाठा घटू शकतो.

घणसोलीकर: आईला सोबत नेऊ का?

कोपरीची ताई: ने. पण बोल तूच.