काळ्या रास्पबेरीतला 301 चा पीक: एलॅजिक अ‍ॅसिड की क्वेर्सेटिन?

प्रयोगवही (चर्चेतलं टोपणनाव): एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी काळ्या रास्पबेरीची फ्रीझ-ड्राय पावडर घेतली आहे. आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये अर्क काढला, गडद लाल आला. थोडा नुसत्या पाण्यात पातळ केला तर लाली डोळ्यांदेखत उडाली! अँथोसायनिनला (फळाच्या लाल-जांभळ्या रंगद्रव्याला) आम्ल का लागतं ते तेव्हा नीट कळलं. अर्क एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) टोचला. 520 नॅनोमीटरला, म्हणजे लाल रंगद्रव्यं जिथे प्रकाश शोषतात तिथे, दोन ठळक पीक (आलेखावरची शिखरं) आहेत: एकाचं वस्तुमान 449, तुटून 287, दुसरा 595, तुटून 449 आणि 287. हे सायनिडिन या रंगद्रव्याचे ग्लुकोसाइड आणि रुटिनोसाइड (साखर जोडलेली रूपं) धरलेत. गाडी अडलीये निगेटिव्ह मोडमधल्या (ऋणभारित आयन मोजताना दिसणाऱ्या) 301 वर: हे एलॅजिक अ‍ॅसिड की क्वेर्सेटिन? वनस्पतींतल्या या दोन्ही फिनॉलिक संयुगांचं वस्तुमान तिथे 301 च दिसतं. शिवाय प्रोजेक्टच्या शीर्षकात 'कर्करोग-प्रतिबंधक घटक ओळखले' असं लिहावं का? माझी आत्या अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेली. हा शब्द मला उगाच वापरायचा नाही.

जुना कॉलम: 301 ने मलाही आठवडाभर छळलंय. दोघांच्या यूव्ही (अतिनील) स्पेक्ट्रमची शिखरंही जवळजवळ त्याच तरंगलांबीला येतात, नुसत्या त्यावर विसंबू नका. तुकडे बघा: 151 आणि 179 आले तर क्वेर्सेटिन, 257, 229, 185 आले तर एलॅजिक. हाय रिझोल्यूशन (वस्तुमान दशांशापर्यंत अचूक मोजणारं यंत्र) मिळालं तर प्रश्नच मिटतो, एलॅजिक 300.999 आणि क्वेर्सेटिन 301.035. तरी स्टँडर्ड (त्या संयुगाचा शुद्ध नमुना) सोबत टोचाच.

449 बद्दल मात्र सावध. पॉझिटिव्ह मोडमध्ये (धनभारित आयन मोजताना) केम्फेरॉल या दुसऱ्या वनस्पती-संयुगाचा ग्लुकोसाइडही 449 आणि 287 च देतो, आणि आयनचं सूत्र एकच असल्याने हाय रिझोल्यूशनही तिथे हात टेकतं. तुम्हाला तारतो तो रंग: केम्फेरॉल 520 ला दिसत नाही.

पेशीघर: शीर्षकाबद्दल. ओहायो स्टेट विद्यापीठात उंदरांना ही पावडर आहारात 5 आणि 10 टक्के दिली, तेव्हा रसायनाने घडवलेल्या अन्ननलिकेच्या गाठी कमी झाल्या. पुढे त्यांनी पावडरचे भाग वेगळे करून खाऊ घातले. अँथोसायनिनवाला भाग अख्ख्या पावडरीइतकाच चालला. पण अँथोसायनिन जवळजवळ नसलेला, द्रावकात न विरघळलेला चोथाही चालला! आपण चोथा फेकतो आणि रंगीत पीकच्या मागे धावतो. तुमच्याकडे गाळणीत उरलेला चोथा अजून आहे का?

प्रयोगवही: आहे, फ्रीझरमध्ये, लेबल लावून. टाकणारच होते. शीर्षक आता 'काळ्या रास्पबेरीतील फिनॉलिक घटकांची ओळख' एवढंच. उद्या एलॅजिकचं स्टँडर्ड टोचते आणि तुकडे इथे टाकते.