जुन्या सीबी ७५० ला नवे फोर्क आणि चाकं बसवायचीत, सल्ला हवा

चौकडी_७५० (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली होंडा सीबी ७५० आहे, काकांची. दोन वर्षं खपून इंजिन केलं, आता पळते झकास पण थांबायला मागत नाही. पुढे एकच डिस्क, तिच्यावर पॅड दाबणारा एका पिस्टनचा कॅलिपर आणि ३५ मिमी जाड नळ्यांचे फोर्क (पुढचे शॉकअप). जोरात ब्रेक दाबला की पुढचं सगळं खाली बसतं आणि वळणावर खड्डा आला की हँडल हातात वळवळतं. म्हणून एखाद्या स्पोर्ट बाइकचं अख्खं पुढचं, म्हणजे उलटे फोर्क (जाड नळी वर, बारीक खाली), १७ इंची चाक, डबल डिस्क काढून लावायचं मनात आहे. मागेही १७ च. बजेट तंग आहे, वापरलेले पार्ट आणि थोडं लेथकाम यापलीकडे जाणार नाही. फ्रेम कापायची नाही, उद्या परत मूळ रूपात आणता आली पाहिजे. कुणी स्वतः केलंय का?

उलटाफोर्क
मी केलंय, डोळे मिटून करा. सुझुकी जीएसएक्स-आर या स्पोर्ट बाइकचे ४३ मिमीचे फोर्क, दोन्ही टी (फोर्क धरणारे वरचा-खालचा क्लँप), चाक, डिस्क, कॅलिपर सगळं एकाच गाडीचं घ्या, सुटं सुटं जमवत बसू नका. खालच्या टीतला स्टेम (ज्यावर हँडल फिरतं तो दांडा) प्रेसवर दाबून काढायचा आणि तुमचा जुना स्टेम त्यात बसवून घ्यायचा, लेथवर बुश करावा लागतो एवढंच. माझी गाडी आता दोन बोटांत थांबते. लगेहाथ मागचे शॉकअप नवे टाका, रेडियल मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ब्रेकचं तेल ढकलणारा) टाका, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) अ‍ॅल्युमिनियमचा टाका, रेडियल टायरची जोडी घ्या. अर्धवट केलं तर मजा नाही.

चौकडी_७५०
दादा, बजेट वर लिहिलंय हो.

जुनंतेसोनं
हे वाचून वाईट वाटलं. १९६९ ला ही गाडी आली तेव्हा एवढ्या मोठ्या संख्येने विकलेल्या गाडीला कारखान्यातून पुढे डिस्क हीच नवलाई होती, आणि तुम्ही तीच काढून फेकणार. आधी सांगा, कॅलिपरचा हात ज्या पिनवर फिरतो ती पिन शेवटची कधी काढून ग्रीस केलीत? माझी जाम झाली होती, मीच वर्षानुवर्षं हात लावला नव्हता. एकच पॅड घासत होतं आणि मी ब्रेकला शिव्या देत होतो. पिन साफ केली, रबरी नळी काढून स्टीलच्या जाळीची टाकली, तेवढ्यात लिव्हर दगडासारखा झाला. फोर्कमध्ये नव्या स्प्रिंगा, ताजं तेल, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) टेपर रोलरचा. काम संपलं.

बुलेटवाला
कोनसेटला +१. तुमचं तरी सोपं आहे. माझ्या जुन्या बुलेटला फोर्कच्या नळ्या वर हेडलाइटच्या कॅस्केटमध्येच (लाइट आणि मीटर बसतात ते ओतीव घर) आट्यांनी बसतात, तोच वरचा क्लँप. फोर्क बदलायचा म्हटला की कॅस्केट जातं, मग मीटर कुठे, अँपिअर मीटर कुठे, पायलट लाइट कुठे, आणि गाडीचा चेहराच जातो. मागे डिस्कचं चाक टाकायचं म्हटलं तर ब्रेकचा पाय डावीकडे आणि डिस्क उजवीकडे. सहा महिने त्यात गेले. म्हणून म्हणतो, आहे त्यात समाधान माना.

मोजपट्टी
धागाकर्ते, तुम्ही काही घ्यायच्या आधी तीन मापं घ्या: हेडपाइपचा (स्टेम फिरतो ती फ्रेमची नळी) उभ्या रेषेपासूनचा कोन, टीचा ऑफसेट (स्टेमच्या मध्यापासून फोर्कच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत) आणि अ‍ॅक्सलपासून खालच्या टीपर्यंत फोर्कची लांबी. कोन २७ अंश आणि ऑफसेट ६० मिमी धरला तर ३.२५-१९ च्या टायरवर ट्रेल (स्टेमची रेषा जमिनीला जिथे लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर; जास्त तर गाडी सरळ धावते पण हँडल जड) साधारण ९८ मिमी येतो. स्पोर्ट बाइकच्या टीचा ऑफसेट ३० च्या आसपास असतो. १२०/७०-१७ चाकाने ट्रेल कमी होतो, पण कमी ऑफसेटने तो त्याहून जास्त वाढतो, आणि हिशोब ११९ वर जातो. हँडल जड होणार.

आता दुसरी बाजू. स्पोर्ट बाइकचे फोर्क आखूड असतात. पुढचं सुमारे २५ मिमी खाली आलं की कोन एक अंशाने उभा होतो. चाकानेच २४ मिमी गेले, फोर्कने आणखी ५० गेले तर कोन २४ आणि ट्रेल परत १०१. कागदावर छान, पण गाडी पुढून ७५ मिमी खाली बसली, सायलेन्सरचे पाइप आणि सेंटर स्टँड वळणात जमिनीला लागणार. मागे १७ टाकून मागचंही खाली आणलंत तर कोन थोडा परत पडेल, पण क्लिअरन्स आणखी जाईल. लोक फोटो बघून फोर्क घेतात, खरं तर मापं बघून घ्यावेत.

उलटाफोर्क
माझं काही घासत नाही.

मोजपट्टी
तुमचे मागचे शॉकअप किती लांब आहेत?

उलटाफोर्क
मूळपेक्षा लांब आहेत, म्हणून तर म्हटलं शॉकअप पण टाका.

लेथवरचा_माणूस
मी चार गाड्यांची ही कामं केलीत, त्यातली एक माझी स्वतःची बिघडवली म्हणून लिहितोय. चाकाचे स्पेसर एकाच सलग नळीचे करा. मी वॉशर रचून भागवलं होतं, अ‍ॅक्सल आवळला की ते बसायचे, बेअरिंगवर आडवा दाब यायचा, आठवड्यात बेअरिंग कुरकुरायला लागलं. स्पेसर कापायच्या आधी डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये येते का बघा आणि चाक दोन्ही फोर्कच्या मध्ये येतं का बघा, दोन्ही एकत्र जमलं तरच कापा. दुसरं, मास्टर सिलिंडर. तुमचा मूळचा १४ मिमीचा एका पिस्टनसाठी आहे. त्यावर दोन चार-पिस्टन कॅलिपर लावलेत तर तेल पुरणार नाही, लिव्हर ग्रिपला टेकेल. ज्या गाडीचे कॅलिपर त्याच गाडीचा मास्टर घ्या. तिसरं, हँडलचे स्टॉप. नव्या टीला तुमच्या फ्रेमचे स्टॉप लागत नाहीत, पूर्ण वळवलं की फोर्क टाकीत घुसतो. माझ्या टाकीला दोन्ही बाजूंनी पोचे आहेत. मीटरची केबल जुन्या हबमधून येते, नव्या चाकात ती सोय नसते, मॅग्नेट आणि सेन्सरवालं मीटर लागेल.

तारांचा_दर्दी
ते सगळं ठीक, पण या गाडीला अलॉय? तारांचं चाक खड्ड्यात लवचिक राहतं, वाकलं तर सरळ होतं.

उलटाफोर्क
आणि पंक्चर झालं की ट्यूब क्षणात बसते. ट्यूबलेस अलॉयला हवा हळू जाते, एवढ्यावर विषय संपतो. १९७७ ला होंडानेच कॉमस्टार चाकं आणली, म्हणजे त्यांनाही तारांच्या पुढे जायचं होतंच.

तारांचा_दर्दी
कॉमस्टार पत्र्याच्या आऱ्यांचं, रिव्हेटचं. ते अलॉयच्या ओतीव चाकात कुठून आणलंत. आणि १.८५ च्या रिमवर रुंद टायर चढवणाऱ्यांनाही सांगतो, कडा चिमटतात, टायरचा आकार बिघडतो. रिम रुंद हवी.

जुनंतेसोनं
मी परत सांगतो, पिन साफ करा.

चुलत_मेकॅनिक
कोनसेट टेपर रोलरचा टाकाच. आणि कोणी स्विंगआर्मच्या बुशबद्दल बोललंच नाही, हँडल वळवळतं ते कित्येकदा मागून येतं. मागचं चाक धरून आडवं हलवून बघा. फोर्कमध्ये खरा दम नसेल तर इम्युलेटर (फोर्कच्या आत बसणारा तेलाचा व्हॉल्व्ह) टाका, डॅम्पिंगच बदलतं, बाहेरून दिसत पण नाही.

चौकडी_७५०
सगळ्यांचे आभार. आज पिन काढली, जुनंतेसोनं, तुमचं बरोबर होतं, जाम होती. ब्रेक बराच सुधारला. स्विंगआर्मलाही खेळ होता, बुश बदलायला टाकलेत.

तरीही फोर्क बदलतोय, पण उलटे नाही आणि १७ पण नाही. ४१ मिमीचे साधे सरळ फोर्क मिळालेत, लांबी मूळपेक्षा फक्त ६ मिमीने कमी, टीचा ऑफसेट ५०. त्याच गाडीच्या डबल डिस्कच्या हबवर १८ ची रुंद रिम तारांनी विणून घेणार, १००/९०-१८ टायर, ट्यूब घालून. मोजपट्टींच्या हिशोबाने ट्रेल १०६ च्या आत येतो. मागचं १८ आहे तसंच. कुणीच हे सुचवलं नव्हतं याची कल्पना आहे, पण गाडी उभी राहिल्यावर तिचा पवित्रा काकांच्या फोटोतल्यासारखाच दिसला पाहिजे, ती अट मी सोडू शकत नाही.

उलटाफोर्क
चूक करताय. तेवढ्याच मेहनतीत डबल काम झालं असतं. असो, स्टेम दाबताना लांबी खालच्या बेअरिंगच्या बैठकीपासून मोजा, टीच्या खालच्या कडेपासून नाही. मी तिथे चुकलो होतो, वरचा नट दोन आट्यांवरच बसला होता.

तारांचा_दर्दी
हबची भोकं मोजून पाठवा, तारांची लांबी काढून देतो.