सम्राटाचं डोकं छापलं म्हणजे शहराची ओळख पुसली का?

उलटी बाजू:
काल इथे 'तांबडा पैसा' यांनी ठोकून दिलं की रोमन प्रांतांतल्या शहरांची नाणी म्हणजे नुसती सम्राटाची जाहिरात, पुढे त्याचं तोंड, मागे काहीतरी शोभेचं, आणि "स्थानिक अस्मिता ही आजच्या प्राध्यापकांची हौस". वाचून डोकंच फिरलं. अहो, मागची बाजू कधी नीट बघितलीत का? लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं टायर शहर घ्या. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने त्याला रोमन वसाहतीचा दर्जा दिला, मजकूर लॅटिन झाला, आणि चित्रं कसली? ज्याच्यापासून जांभळा रंग काढून शहर श्रीमंत झालं तो शंख. नंतर सम्राट एलागाबालसच्या काळात तर कार्थेज बांधून घेणारी डिडो! रोमला ज्या कार्थेजने घाम फोडला ते आमच्या पोरीने वसवलं, हे रोमन सम्राटाच्याच पाठीवर छापून बाजारात फिरवायचं. याला जाहिरात म्हणायचं तर कोणाची?

आशिया मायनरमधलं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं, स्मर्ना कवी होमरला बसवून छापते, खिऑस बेटही छापतं, दोघांचाही दावा की तो आमचाच. इलिऑनच्या, म्हणजे ट्रॉयच्या, नाण्यावर तिथला वीर हेक्टर. फ्रिजियातल्या अपामियाच्या नाण्यावर तर पेटीत बसलेलं जोडपं, वर पक्षी, पेटीवर ग्रीक अक्षरांत बायबलमधल्या प्रलयातून वाचलेल्या नोआचं नाव, आणि बाजूला तेच दोघं पेटीबाहेर हात वर करून उभे. हे चित्र रोमहून आलं म्हणता? आणि अथेन्स. सगळा रोमन काळ गेला, सम्राटाचं तोंड एकदाही नाही. सगळीकडे अथेना आणि घुबड.

तांबडा पैसा:
अथेन्स हा लाडावलेला अपवाद, त्यावरून नियम काढू नका. स्पेनमधल्या मेरिदाच्या नाण्यांवर "सीझर ऑगस्टसच्या परवानगीने" असं चक्क छापलंय. परवानगी काढून मिरवायची ती अस्मिता कसली? आणि नाणी अभ्यासणाऱ्या कोनराड क्राफ्टचं १९७२ चं काम विसरलात वाटतं. आशिया मायनरमध्ये एकाच डायने, म्हणजे ठोकायच्या ठशाने, छापलेली सम्राटाची मुंडकी वेगवेगळ्या शहरांच्या नाण्यांवर सापडतात. म्हणजे कारखाना एक, गिऱ्हाईकं अनेक. कारागीर बाहेरचा, डाय भाड्याची, आणि तुम्हाला त्यात शहराचा आत्मा दिसतो.

उलटी बाजू:
मुंडक्याची डाय सामायिक, मागची नाही! तुमचाच पुरावा माझ्या बाजूने जातोय. सम्राट कुठलाही चालेल, कारखान्यातला तयार घ्या, पण मागे आमचीच देवी, आमचीच नदी, आमचंच देऊळ हवं. पैसे मागच्या बाजूसाठी मोजलेत त्यांनी.

बिनसौजन्य:
मोजले, पण कोणी? सम्राट हेड्रियनचा लाडका अँटिनोअस, त्याचं चित्र असलेल्या स्मर्नाच्या नाण्यांवर लिहिलंय की पोलेमॉनने ही स्मर्नावासीयांना अर्पण केली. पोलेमॉन म्हणजे गडगंज भाषणपटू, हेड्रियनच्या खास मर्जीतला. आमच्या चौकात मोडका बाक आहे, त्यावर माजी नगरसेवकांचं नाव बाकाच्या लांबीएवढं, 'यांच्या सौजन्याने'. उद्या कोणी तो बाक खणून काढला तर लिहील की या वस्तीची सामूहिक ओळख बाकातून व्यक्त होते. बसायला तो कधीच धड नव्हता हे कोण सांगणार? तक्रार केली तर वॉर्डातून उत्तर की बाक आमच्या यादीत नाही. नाण्यांवरही सगळीकडे मॅजिस्ट्रेटांची, म्हणजे शहराच्या कारभाऱ्यांची, नावं. शहराची कसली, पाचपन्नास घराण्यांची ओळख ती.

तांबडा पैसा:
हेच म्हणतोय. आणि एफिसस, स्मर्ना, पर्गमन काय छापायचे? "आम्ही आशियात पहिले" (आशिया म्हणजे तिथला रोमन प्रांत), "सौंदर्यात आणि आकारात पहिले", "सम्राटाच्या देवळाचे राखणदार, दोनदा, तीनदा". अभिमान कसला, तर सम्राटाचं देऊळ आमच्याकडे जास्त वेळा आलं याचा! ग्रीक वक्ता डिओ क्रिसोस्टमने निकोमिडियाच्या लोकांना तोंडावर सुनावलं होतं की शेजारच्या निकियाशी पहिल्या नंबरासाठी भांडता आणि रोमन तुम्हाला हसतात.

उलटी बाजू:
हसू देत. भांडण खरं होतं की नाही? सेव्हेरस आणि नायजर गादीसाठी लढले त्या गृहयुद्धात निकिया हरणाऱ्या नायजरच्या बाजूने गेली, तर तिच्या वेशीवरच्या शिलालेखातल्या पदव्या छिन्नीने उडवल्या. ओळख खोटी असती तर छिन्नी घेऊन चढायचे कष्ट कोणी घेतले असते?

मुठीतलं नाणं:
माझ्याकडे टायरचं आहे, शंखवालं. ऑनलाइन लिलावात घेतलं. शंखाच्या कडा झिजल्यात पण वळसे अजून बोटाला लागतात. तांबडा पैसा साहेब, एकदा हातात धरून बघा, मग बोला.

खापरतुकडा:
आणि ते सापडलं कुठे? कुठल्या थरात? कोणाच्या घरात, की कोणी रात्री मेटल डिटेक्टर फिरवून उपसलं? तुर्कस्तानातून असल्या वस्तू बाहेर नेण्यावर ऑटोमन काळापासून बंदी आहे. तरी दर आठवड्याला लिलावात ढिगाने येतात ती काय आकाशातून पडतात?

मुठीतलं नाणं:
आलं परत प्रवचन. माझं लेबनॉनच्या बाजूचं आहे, तुर्कस्तानचं नाही. आणि संग्राहक नसते तर निम्मे प्रकार छापात आलेच नसते. तुमची म्युझियमं पेट्यांत भरून कुलूप लावतात, आम्ही फोटो काढून सगळ्यांना दाखवतो. मीही फसलोय हो, एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने स्मर्नाचं म्हणून दिलं, घरी भिंगाखाली बघितलं तर कडेवर ओतकामाची शिवण! विचारायला गेलो तर म्हणे, जुनं आहे, असंच असतं. तरीही नाद सोडला नाही, कारण तुमच्या त्या जाडजूड ग्रंथांपेक्षा त्या खोट्या नाण्याने मला जास्त शिकवलं.

खापरतुकडा:
शिकवलं असेल, पण इतरांना काय कळलं? इथला अख्खा वाद उत्खननावर उभा आहे. ही तांब्याची नाणी घराजवळच फिरली असतील तर चित्रं गावातल्या गावात बघायला, परगावी गेली असतील तर शेजाऱ्याला हिणवायला. सिरियातल्या ड्यूरा-युरोपोसच्या उत्खननात पार काळ्या समुद्राकडच्या पाँटसमधल्या शहरांची नाणी निघाली, बहुधा सैनिकांच्या पिशवीतून आलेली. हे कळलं कारण तिथे नोंद होती. तुमच्या लिलावातल्या पाकिटावर काय लिहिलेलं असतं? "जुना खासगी संग्रह."

मुठीतलं नाणं:
बरं, ड्यूरा मान्य. तुम्हाला नोबेल द्या.

बिनसौजन्य:
पण हे लागू पडतं की! पाँटसचा सैनिक ड्यूरात जे नाणं खर्च करतो ते घेणाऱ्याला त्या चित्रातलं ओ की ठो कळणार नाही. वजन बघून घेतलं असेल.

तांबडा पैसा:
मूळ मुद्द्यावर या. आशिया मायनरच्या कारियातल्या स्ट्रॅटोनिकियाचं मोठं नाणं बघा. सेव्हेरसची मुलं, कराकल्ला आणि गेटा हे भाऊ, समोरासमोर. कराकल्लाने भावाला मारलं, त्याची आठवण पुसायचा हुकूम निघाला, आणि गेटाचा चेहरा घासून उडवलेला, एका बाजूला सम्राट, समोर नुसता खड्डा. ही तुमची स्वतंत्र शहरं.

उलटी बाजू:
घाबरले, नक्कीच घाबरले. पण मागची देवी जागच्या जागी आहे, तिला कोणी हात लावलेला नाही.

तांबडा पैसा:
तिला हात लावायला कोणी सांगितलंच नव्हतं. एक सांगा, ओळख इतकी प्यारी होती तर स्पेनच्या शहरांनी सम्राट क्लॉडियसच्या काळापर्यंत नाणी पाडणं बंद का केलं? गॉलने, म्हणजे आजच्या फ्रान्सनेही. पूर्वेकडे पुढची दोनशे वर्षं चालू, पश्चिमेला ठप्प.

उलटी बाजू:
याचं पक्कं उत्तर कोणाकडेच नाही. पण गॉलमधलं नीम बघा. ऑगस्टसच्या काळातलं नाणं, पुढे ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा पाठीला पाठ लावून, मागे ताडाच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर. मगर म्हणजे इजिप्त जिंकल्याची फुशारकी, म्हणजे शंभर टक्के रोमची जाहिरात, हे मीच म्हणतो, तुम्ही कष्ट घेऊ नका. पण सोळाव्या शतकात नीमने तेच चित्र शहराचं चिन्ह म्हणून घेतलं, आणि आजही शहरभर तीच मगर. वरून आलेली वस्तूही लोक आपली करून टाकतात.

तांबडा पैसा:
मगर तुमची. होमर आणि हेक्टर अजून माझ्या ताब्यात आहेत, उद्या लिहितो.

खापरतुकडा:
आणि त्या शंखाचं बिल कुठेय?