प्रीमियर पद्मिनी: रेडिएटर, वॉटर पंप कुठे मिळतील?

प्रश्न: १०८९ सीसी पेट्रोल इंजिन. चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो, पंपाखालून थेंब पडतात. मेकॅनिक ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवू म्हणतो. बसवावा का?

उत्तर १: अजिबात नको. जुना तांब्या-पितळेचा आहे, वरची-खालची टाकी शाबूत असेल तर फक्त कोअर (मधली नळ्यांची जाळी) बदलून घ्या. रेडिएटरवाल्याला नळ्यांच्या रांगा जुन्याइतक्याच ठेवायला सांगा. थेंब पंपाच्या खालच्या भोकातून येत असतील तर सील गेलंय. पंखा धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंगही गेलं, मग अख्खा पंपच घ्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पंप सोबत न्याच, फोटोवर भागत नाही.

उत्तर २: रेडिएटरचं झाकण जुन्यावरचा दाबाचा आकडा बघूनच घ्या. जास्त दाबाचं लावलं की जुनी डाखणं उकलतात. होज (रेडिएटरचा रबरी पाइप) साच्यातला वाकडाच हवा, सरळ पाइप वाकवला की चिमटतो.

उत्तर ३: थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून टाकू नका, उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा. बोअरचं पाणी तर नकोच, क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. इंजिनचं हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आहे, तापून वाकलं तर खर्च कितीतरी पट वाढेल.