उंची कमी असेल तर पूल (टेबलावर काठीने बॉल मारायचा खेळ) खेळताना खरंच तोटा होतो का?

माझी उंची 5 फूट 2 इंच, क्यू (मारायची काठी) नेहमीचा 58 इंची. क्यू बॉल (ज्याला क्यूने मारतात तो पांढरा बॉल) टेबलाच्या मधोमध थांबला की पार आडवं व्हावं लागतं, ब्रिजचा हात (क्यूला पुढून आधार देणारा) थरथरतो आणि सोपा शॉटही हुकतो. उंच लोकांना हे सगळं फुकटात मिळतं ना?

निळा_खडू: पोहोच मिळते, हे खरंय. पण 9 फुटी टेबलाची खेळायची जागा 100 बाय 50 इंच, म्हणजे बाजूने मध्यापर्यंत 25च इंच, त्यामुळे रोज नडत नाही. जिथे नडतं तिथे रेस्ट (हाताऐवजी क्यूला आधार देणारी लांब काठी) घे, लाजू नकोस. ताणून मारलेल्या शॉटला क्यू सरळ जातच नाही. आणि एक तरी पाय जमिनीला टेकलेला हवा, नाहीतर फाउल, शिवाय बाकीच्या बॉलना शर्ट लागला तरी गेलंच.

लंबूटांग: मी 6 फूट 3 😅 फुकटात काही नाही रे बाबा, टेबल जेमतेम 30 इंच उंच, हनुवटी क्यूवर आणायची तर पाय फाकवा, गुडघे वाकवा, तासाभरात कंबर बोलायला लागते. तुला खाली यायला सोपं, त्याचा हेवा वाटतो मला.

डावरा: डाव्या हाताने मारायची सवय कर, निम्मे अवघड शॉट तिथेच सुटतात. आणि मुळात क्यू बॉल अशा जागी थांबवायचाच कशाला?

निळा_खडू: हो, पोझिशनच, म्हणजे क्यू बॉल हवा तिथे थांबवणं. पण ती आली असती तर प्रश्न विचारला असता का 😄