विषय: गणेशोत्सव अंकातले 'विचित्र कायदे' आणि गोव्याचा १८६७चा कायदा

प्रेषक: अंक समिती, दुबई

नमस्कार मंडळी,

यंदाच्या गणेशोत्सव अंकात जगातल्या जुन्या, विचित्र कायद्यांवर दोन पाने घ्यायची आहेत. आतापर्यंत जमलेली यादी अशी: लंडनच्या रस्त्यात गालिचा झटकला तर दंड, ब्रिटनच्या संसदेत मरायला बंदी, तिथेच चिलखत घालून जायला बंदी, इंग्लंडमध्ये सामन मासा संशयास्पद रीतीने हाताळणे गुन्हा, पॅरिसमध्ये बायकांना पॅन्ट घालायला पोलिसांची परवानगी, आणि गोव्यात हिंदू पुरुषाला दोन लग्ने करायची मुभा.

यातले खरे काय, ऐकीव काय, हे गोव्यातल्या जाणत्या सभासदांनी तपासून द्यावे. वकीलकाका, तुमच्या उत्तराची वाट पाहतो.

---

प्रेषक: सभासद, पणजी (वकील)

समितीस नमस्कार.

आधी यादीचे बघू. गालिच्याचे खरे आहे. १८३९च्या लंडन पोलीस कायद्यात ते कलम आले, आणि पायपुसणे तेवढे सकाळी आठच्या आत झटकायला मोकळीक ठेवली. चिलखताचेही खरे, तो कायदा १३१३चा. संसदेत मरायला बंदी ही मात्र निव्वळ दंतकथा. इंग्लंडच्या विधी आयोगाने २०१३ साली असे समज एकेक करून तपासले, त्यात हा खोटा ठरला. तो काढून टाका.

सामन माशाचा कायदा विचित्र म्हणून छापू नका. तो १९८६चा आहे, कलम ३२. चोरून धरलेला मासा विकत घेणाऱ्याला आणि पोचवणाऱ्याला पकडता यावे म्हणून तो केला. नाव ऐकून हसू येते, पण कलम शहाणपणाचे आहे. पॅरिसचा हुकूम १८०० सालचा. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये घोड्याचा लगाम किंवा सायकलचे हँडल हातात असेल तर सूट मिळाली. २०१३ साली फ्रान्स सरकारने सांगितले की १९४६च्या राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले तेव्हाच तो गळून पडला होता.

आता गोवा. दोन लग्नांचे वाक्य आहे तसे गेले तर चुकीचे ठरेल. १६ डिसेंबर १८८०च्या पोर्तुगीज हुकुमात 'जंतीव', म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या, हिंदूंच्या रूढींना मान्यता दिली होती. त्यात पहिली बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झाले नसेल, किंवा तिने तिशी ओलांडली तरी मुलगा नसेल, किंवा ती तिशीच्या आतली असून मुलगा नसेल आणि शेवटच्या गरोदरपणाला दहा वर्षे झाली असतील, अशा ठराविक अटींवरच दुसरे लग्न ग्राह्य धरले जाई. सरसकट मुभा कधीच नव्हती. छापायचेच असेल तर अटींसकट छापा.

आणि एक सुचवतो. दोन पानांतले एक पान गोव्याच्या दिवाणी संहितेला द्या. पोर्तुगालने ती १८६७ साली मंजूर केली आणि १ जुलै १८७० पासून आपल्याकडे लागू झाली. खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता केली, ती जून १९६७ पासून अमलात आली. आपल्याकडे मात्र १९ डिसेंबर १९६१ला मुक्ती झाली आणि १९६२च्या प्रशासन कायद्याने तोवरचे कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. म्हणजे जिथून कायदा आला तिथे तो मोडीत निघाला आणि आपल्या घरादारांवर अजून चालतो. वारसा, खास नोटरी (नोंदणी कार्यालयातला सरकारी नोटरी) आणि वाटणी हा भाग गोवा विधानसभेने २०१२च्या कायद्यात नव्याने लिहिला, २०१६च्या अखेरीस तो लागू झाला. पण गाभा तोच राहिला. आपल्या सभासदांपैकी ज्यांची घरे पेडणे, डिचोली, फोंडा, सत्तरीत आहेत त्या सगळ्यांना हे लागू आहे. हसण्यासारखे त्यात काही नाही, समजून घेण्यासारखे भरपूर आहे.

---

प्रेषक: सभासद, मस्कत

वकीलकाका, नमस्कार. हा विषय काढलात ते फार बरे केलेत. अंकासाठीच एक नमुना घेऊन लिहाल का? वडील वारले, आई आहे. तीन भावंडे, तिघांची लग्ने झालेली: थोरला गावातल्या घरात, बहीण पुण्याला, धाकटा आखातात. एक-चौदाच्या, म्हणजे गावातल्या जमिनीच्या, उताऱ्यावर वडिलांचे एकट्याचे नाव. घर थोरल्याने घ्यावे यावर सगळ्यांचे एकमत. असे चित्र आपल्यात घरोघरी आहे. कुठला कागद आधी, कुठला नंतर, आणि गाडी अडते कुठे?

---

प्रेषक: सभासद, पणजी (वकील)

लिहितो, जरा लांबेल.

सगळ्याचे मूळ लग्नात आहे. गोव्यात लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एक होते: माहेरची, सासरची, आधीची, नंतरची, आणि प्रत्येकाचा अविभक्त अर्धा हिस्सा. वेगळे हवे असेल तर संहितेने पर्याय दिले आहेत: पूर्ण वेगळी मालमत्ता, फक्त लग्नानंतर कमावलेली सामाईक, किंवा हुंड्याची जुनी पद्धत. पण करार लग्नाआधीच व्हायला हवा. नंतर दोघांची कितीही इच्छा असली तरी पद्धत बदलता येत नाही. पोर्तुगालमध्ये १९६७ पासून करार नसल्यास फक्त लग्नानंतरची कमाई सामाईक धरतात. आपल्याकडे अजून सगळेच सामाईक.

म्हणून उताऱ्यावर वडिलांचे एकट्याचे नाव असले तरी अर्धे घर आईचे आहेच, आणि ते वारशाने आलेले नाही. वडील हयात असतानाच ते तिचे होते. घराची किंमत ८० लाख धरा. ४० लाख आईचे. उरलेले ४० ही वडिलांची मिळकत. त्यातले निम्मे, म्हणजे २० लाख, मुलांचा राखीव भाग; मृत्युपत्र करूनही तो हिरावता येत नाही. कायद्यात दिलेल्या ठराविक कारणांनीच एखाद्याला वारसाहक्कातून वगळता येते, नुसत्या रागाने नाही. वडिलांना मृत्युपत्राने हवे तसे देता येतील ते फक्त राहिलेले २० लाख. 'माझे घर थोरल्याला' असे मुंबईत टाइप करून घेतलेले मृत्युपत्र इथे त्या २० लाखांपुरतेच टिकते. हयातीत एखाद्याला दिलेली बक्षिसेही हिशेबात धरली जातात. मृत्युपत्रच नसेल तर वडिलांचे ४० लाख तिघांत समान, मुलगा-मुलगी भेद नाही. हा १८६७चा कायदा आहे हे लक्षात घ्या; इतरत्र मुलींना बरोबरीचा वाटा मिळायला किती काळ गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. या एका गोष्टीसाठी मला ही संहिता मोलाची वाटते.

दुसरीकडे यात एक मोठे वैगुण्यही आहे. मूलबाळ नसेल तर वारसांच्या क्रमात आधी आईवडील, मग भावंडे आणि त्यांची मुले, आणि त्यानंतर हयात जोडीदार. विधवेचा स्वतःचा अर्धा हिस्सा सुरक्षित राहतो, पण नवऱ्याचा अर्धा दिरांकडे जाऊ शकतो. निपुत्रिक जोडप्यांनी म्हणूनच वेळेत मृत्युपत्र करावे. गोव्यात ते खास नोटरीच्या वहीत नोंदवून करता येते.

आता कागदांचा क्रम. आधी जमिनीचे कागद. गावात एक-चौदा आणि सर्व्हेचा नकाशा, शहरात नगर सर्व्हेतला चलता नंबर आणि पी. टी. शीट, म्हणजे त्या नकाशाचा कागद. त्यासोबत पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदवहीतला डिस्क्रिप्शन नंबर आणि करवहीतला मात्रिज नंबर शोधा. एक-चौदावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही. जुन्या वहीत आजोबांचे नाव असेल तर वारस लावायला आजोबांपासून सुरुवात करावी लागते, आणि मग आत्या आणि त्यांची मुलेही आली. निम्मी प्रकरणे इथेच फुगतात.

मग जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले. जुन्या नोंदी पोर्तुगीज स्पेलिंगने असतात. शंकरची सुरुवात तिथे एक्स या अक्षराने झालेली दिसेल, आणि पासपोर्टवर एस-एच. एकच माणूस आहे हे दाखवणारा कागद आधी तयार ठेवा, नाहीतर नोटरीच्या टेबलावर सगळे थांबते. पोर्तुगीज दस्ताला मान्यताप्राप्त अनुवादकाचाच अनुवाद लागतो.

त्यानंतर खास नोटरीकडे वारसपत्र, ज्याला सगळे डीड ऑफ सक्सेशन म्हणतात. वारस कोण आणि अर्ध्याची मालकीण कोण एवढेच ते सांगते. वर्तमानपत्रात नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मग प्रमाणित प्रत मिळते. ही प्रत हातात पडली की वाटणी झाली, असे समजून पुष्कळ जण इथेच थांबतात. वाटणी झालेली नसते.

मस्कतच्या प्रश्नातली खरी अडचण पुढची. पुण्याच्या सवयीने बहीण थोरल्याच्या नावे हक्कसोडपत्र करून देते. गोव्यात वारसा सोडायचा तो विनाअट, कुणा एकाच्या नावे नाही. बहिणीने सोडलेला वाटा दोन्ही भावांना सारखा जातो. घर थोरल्याकडेच जायचे असेल तर धाकट्यानेही सोडायला हवा. नाहीतर हिस्सा थोरल्याला बक्षीस किंवा विक्रीखताने द्यावा. आणि आईचा अर्धा हिस्सा यात येतच नाही. तो तिने थोरल्याला स्वतंत्र दस्ताने द्यावा लागेल, तिची इच्छा असेल तरच.

सह्या कुणाच्या, हेही आधीच ठरवा. भावंडे तीन असली तरी त्यांचे जोडीदारही हिस्सेदार झालेले असतात. म्हणजे आई, तीन भावंडे, दोन सुना आणि जावई, अशा सात सह्या. जावयाची सही राहिली म्हणून अडलेले दस्त गोव्यातल्या कुठल्याही वकिलाच्या कपाटात सापडतील.

एकमत मोडले तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयामार्फत वाटणी. त्यात घरप्रमुख नेमतात, सहसा हयात जोडीदार. जुने लोक त्याला 'काबेसा द काझाल' म्हणतात. तो मालमत्तेची आणि कर्जांची यादी देतो, मूल्यांकन होते, मग वारसांच्या आपसातच लिलाव. जास्त बोली लावणारा वस्तू घेतो आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची रक्कम देतो. या लिलावाच्या दिवशी गैरहजर राहू नका. परदेशातल्या भावाला समन्स जुन्या पत्त्यावर गेले, त्याने लक्ष दिले नाही, आणि घर दुसऱ्याच्या बोलीत गेले, असे घडते. पैसे मिळतात, घर नाही.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटला हे लागू नाही असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये होझे पाउलो कुतिन्हो यांच्या प्रकरणात ठरवले की गोव्याचे अधिवासी असलेल्या माणसाची भारतात कुठेही असलेली मालमत्ता वारशासाठी गोव्याच्याच कायद्याखाली येते.

---

प्रेषक: सभासद, मडगाव (सी. ए.)

वकीलकाकांच्या लिखाणाला आयकराची जोड देते. १९६१च्या आयकर कायद्यात कलम ५ए खास याच जोडप्यांसाठी घातले. पगार ज्याचा त्याच्या नावे. बाकी सगळे, घरभाडे, व्याज, धंद्याचा नफा, जमीन विकून झालेला भांडवली नफा, दोघांत निम्मे-निम्मे. विवरणपत्रात परिशिष्ट ५ए असते, त्यात जोडीदाराचा पॅन आणि विभागणी भरायची, कापलेला करही त्याच हिशेबाने वाटून दाखवायचा. बँकेने व्याजावरचा कर एकाच पॅनवर कापलेला असतो. परिशिष्ट कोरे सोडले की एकाचे उत्पन्न जास्त दिसते आणि दुसऱ्याचा परतावा अडकतो. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केला असेल तर हे लागू नाही, मात्र कराराची प्रत जपून ठेवा.

---

प्रेषक: अंक समिती, दुबई

ताई, काका, दोघांचेही आभार. संपूर्ण पान देत आहोत, दोन लग्नांचे वाक्य अटींसह. दोन गोष्टी राहिल्या: मुलांची लग्ने गोव्यात करणाऱ्यांनी काय बघावे, आणि इथून मुखत्यारपत्र कसे पाठवावे?

---

प्रेषक: सभासद, पणजी (वकील)

लग्नाचे: तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावे लागते. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणे, बस. नोटीस लागते, मुदत जाते, मग साक्षीदारांसमोर दुसरी सही. लग्न होते ते या दुसऱ्या सहीने. पहिल्या सहीनंतर मंडपात सप्तपदी करून जोडपे परदेशी निघून जाते आणि दुसरी सही राहते, मग व्हिसासाठी दाखला मागायला गेले की नोंदच नाही असे कळते. त्यात बायकोचा अर्धा हिस्साही लटकतो. चारच दिवसांची सुट्टी काढून येणाऱ्यांना हे जमणार नाही. मालमत्तेचा करार करायचा असेल तर तो दुसऱ्या सहीच्या आधी नोटरीकडे.

मुखत्यारपत्राचे: भारतीय वकिलातीत सही करा. तिथे साक्षांकित केलेले चालते, दुकानातल्या शिक्क्याचे नाही. अमिरातीने अपोस्टिल करारावर (एका देशाचा शिक्का दुसऱ्या देशाने थेट मानण्याचा करार) सही केलेली नाही, म्हणून तो मार्ग तिथे नाही. मजकुरात मालमत्तेचा सर्व्हे नंबर, गाव, तालुका लिहा, आणि वारसपत्र, वाटणी, विक्री, नोंदणी, लिलावात बोली ही कामे एकेक करून नमूद करा. 'सर्व अधिकार' एवढ्यावर नोंदणी कार्यालय अडवते. नवरा-बायको दोघांची सही घ्या. आणि कागद भारतात पोचल्या दिवसापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्या. कुरियरची पावती कागदालाच टाचून ठेवा, पोचल्याची तारीख तिच्यावरूनच दाखवता येते.